एकच सूर घुमत राहतो? आधी हे तपासा

ऱ्होड्स या इलेक्ट्रिक पियानोचा आवाज देणारं प्लगइन (संगणकातलं वाद्य) बदलायची घाई नको. तोच सूर हेडफोन लावून वाजवा. घुमणं गेलं तर दोष खोलीचा किंवा स्पीकरचा. खालच्या सुरांत हे हमखास होतं.

हेडफोनमध्येही राहिलं तर:

- मिडी मॉनिटरमध्ये (कीबोर्डकडून येणारे संदेश दाखवणारी खिडकी) सीसी ६४, म्हणजे सस्टेन पेडलचा संदेश, बघा. पाय उचलल्यावर ० दिसायलाच हवा. बरेच कीबोर्ड सुरू होतानाच पेडलची दिशा ठरवतात, म्हणून तेव्हा पेडलवर पाय नको.
- रिव्हर्ब, कोरस हे इफेक्ट बंद करून ऐका.
- शेवटी प्लगइनमधला रेझोनन्स (अनुनाद) थोडा उतरवा.

पूर्ण शून्यावर मात्र नेऊ नका. खऱ्या ऱ्होड्समध्ये हातोडी टाइनवर (धातूच्या बारीक सळईवर) आदळते, तिला जोडलेला टोनबारही थरथरतो, डँपर (सूर थांबवणारी गादी) बसतानाही किंचित आवाज उरतो. तीच तर गंमत! नवखे लगेच ईक्यूने (ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) सूर कापायला बसतात आणि शेजारचे सूरही पोकळ करून ठेवतात. ईक्यूचं नंतर बघू.