मृत विषाणूची लस आणि २८ व्या दिवसाची सुई

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलाला कुत्रा पोटरीला चावला, रक्त आलं. आरोग्य केंद्रात जखमेभोवती एक वेगळं इंजेक्शन दिलं आणि दोन्ही दंडांवर ०, ३, ७ व २८ व्या दिवशी सुया सांगितल्या. तीन झाल्या, जखमही भरली. लसीतला विषाणू मेलेलाच असतो, तर तो शरीराला शिकवतो काय? आणि शेवटची सुई खरंच लागते का?
– एक पालक, साखळी

उत्तर : लागते. अजून घेतली नसेल तर आजच घ्या. तारीख उलटली म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. थांबला होता तिथूनच पुढे जायचं.

रेबीजच्या लसीत अख्खा विषाणू असतो, पण सहसा बीटा-प्रोपिओलॅक्टोन या रसायनाने तो निकामी केलेला असतो. पेशीत शिरून त्याला वाढता येत नाही. बाहेरचं कवच मात्र बरंचसं शाबूत राहतं, आणि त्या कवचावरचं ‘जी’ प्रथिन हाच लसीचा खरा ऐवज. त्वचेतल्या डेंड्रायटिक पेशी, म्हणजे पहारेकरी पेशी, तो गिळून काखेतल्या लसिका ग्रंथींत नेतात. तिथे बी पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि त्यांना चालना देणाऱ्या मदतनीस टी पेशी यांची गाठ पडते. आधी आयजीएम प्रकारची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला रोखणारी प्रथिनं, तयार होतात, मग आयजीजी प्रकारची. ग्रंथीत बी पेशींची निवड कित्येक आठवडे चालते. ज्यांची पकड घट्ट त्या उरतात, सैल पकडीच्या मरून जातात. उरलेल्यांपैकी काही अस्थिमज्जेत जाऊन वर्षानुवर्षं प्रतिपिंडं बनवत राहतात, काही विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी होतात.

जिवंत लसीतला विषाणू शरीरात थोडा वाढतो, त्यामुळे धडा आपोआप गिरवला जातो. मृत विषाणूचा साठा लवकर संपतो, म्हणून डोस पुन्हा द्यावे लागतात. पहिले तीन प्रतिपिंडं लवकर उभी करतात. २८ व्या दिवशीचा डोस निवडून आलेल्या पेशींना पुन्हा कामाला लावतो आणि टिकाऊपणा देतो. पुढे कधी कुत्रा चावला तर ० आणि ३ या दोनच दिवशी लस पुरते, जखमेतलं इंजेक्शन लागत नाही. रक्तातली प्रतिपिंडं तोवर घटलेली असली तरी स्मृतिपेशी काही दिवसांतच ती पुन्हा वाढवतात. मात्र पहिला कोर्स पूर्ण झाल्याचा कागद जपून ठेवा.

जखमेभोवती दिलं ते इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं. लसीची स्वतःची प्रतिपिंडं पुरेशी व्हायला ७ ते १४ दिवस लागतात. तेवढ्यात विषाणू मज्जातंतूत शिरला तर उपाय उरत नाही. मात्रा वजनावर ठरते : मानवी असेल तर किलोमागे २० युनिट, घोड्याचं असेल तर ४०. त्याहून जास्त देऊ नये, कारण लसीने उभ्या राहणाऱ्या प्रतिपिंडांनाच ते आवर घालतं. पहिल्या सुईनंतर सात दिवस उलटले की ते देत नाहीत.

चुका बहुधा साध्याच गोष्टींत होतात. त्वचेतली सुई प्रत्येक जागी ०.१ मिली असते आणि टोचताच तिथे छोटा फुगीर, संत्र्याच्या सालीसारखा फोड उठायला हवा. तो उठला नाही तर लस खोल गेली. जवळच पुन्हा टोचून घ्यावी. लस कुल्ल्यावर कधीही घेऊ नये, चरबीत ती नीट लागू पडत नाही. कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवी. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते तिथे फ्रिजच्या तापमानाची नोंद पाहण्याचा आग्रह धरा. आणि सगळ्याच्या आधी साबण व वाहतं पाणी, पूर्ण १५ मिनिटं. साबण विषाणूचं चरबीचं आवरण फोडतो. चुना, मिरचीपूड, हळद यांनी फक्त वेळ आणि कातडी जाते.

गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला, ही मोठी कमाई आहे. पण कुत्र्याला राज्याची सीमा कळत नाही. चाव्याचे उपचार पूर्वीसारखेच पुरे करायचे.

प्रश्न : पुस्तकात प्रतिपिंडं एका प्रकरणात आणि मारक पेशी दुसऱ्या प्रकरणात असतात. मृत विषाणूच्या लसीने या दोघांचा संबंध येतो का?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर : येतो, आणि तो फार महत्त्वाचा आहे. आयजीजी प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी ‘वाय’सारखा. दोन फाटे विषाणूला धरतात. शेपटीला मात्र पांढऱ्या पेशी येऊन चिकटतात. विषाणू पेशीत शिरला की त्याची प्रथिनं त्या पेशीच्या पृष्ठभागावर उगवतात. त्यांना प्रतिपिंड चिकटलं की एनके पेशी, म्हणजे नैसर्गिक मारक पेशी, आपल्या पृष्ठभागावरच्या सीडी१६ या ग्राहीने (पकडणाऱ्या प्रथिनाने) शेपूट पकडते, परफोरिन या प्रथिनाने पेशीला भोकं पाडते आणि ग्रँझाइम ही विकरं आत सोडून तिला मारते. मॅक्रोफेज या भक्षक पेशी त्याच शेपटीवरून मोकळे विषाणू गिळतात. शिवाय लसीने तयार झालेल्या स्मृती टी पेशी इंटरल्यूकिन-२ हे संदेश देणारं प्रथिन स्रवतात, त्यामुळे एनके पेशी आणखी जोमाने काम करतात. मृत लसीने सीडी८ मारक टी पेशी फारशा जाग्या होत नाहीत, म्हणून या वाटेचं मोल अधिक.

पण प्रतिपिंडं चुकीच्या जागी चिकटणारी निघाली तर नुकसानही होतं. १९६० च्या दशकात आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूवरची, फॉर्मॅलिनने निकामी केलेली लस बाळांना दिली. पकड ढिली असलेली प्रतिपिंडं तयार झाली, आणि नंतर संसर्ग झालेली बाळं उलट जास्त आजारी पडली, दोन दगावली. विषाणू मारताना त्याच्या प्रथिनांचा मूळ आकार जपणं हीच खरी कसोटी.

प्रश्न : गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाची लसही मृत विषाणूचीच होती. ती का टिकली नाही?
– वाळपई

उत्तर : तिचं संरक्षण लवकर ओसरायचं. महिन्याच्या अंतराने दोन डोस, ६ ते ९ महिन्यांनी तिसरा, पुढे पाच वर्षं दरवर्षी एक. दुखायचीही खूप, त्यामुळे लोक अर्ध्यावर सोडायचे. आता ती वापरात नाही. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून हा ताप दिसतो, आणि काजूच्या हंगामात बागेत जाणाऱ्यांना गोचीड टाळणं हाच आधार आहे : पूर्ण बाह्या, पायजमा मोज्यात खोचलेला, गोचीड-प्रतिबंधक तेल. घरी येताच कपडे गरम पाण्यात टाका आणि अंग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.