वाचकांचे प्रश्न : फेरीवर पैसे की महिन्याचा पगार?

प्रश्न : मी २३ वर्षांचा असून निफाड तालुक्यात राहतो. बारावीनंतर पिकअपवर कांदा आणि भाजीपाला वाशीच्या बाजारात पोहोचवतो. आता एका मालकाने भिवंडी ते नागपूर मार्गावर चौदा चाकी ट्रक देऊ केला आहे. पैसे फेरीप्रमाणे मिळतील आणि जेवणखर्च त्यातूनच करायचा आहे. दुसरीकडे दुधाच्या टँकरवर महिन्याच्या पगाराची जागा आहे, मात्र पगार बराच कमी आहे. घरचे टँकरच घे म्हणतात. मी काय करावे, आणि त्यासाठी कोणता परवाना लागेल?

उत्तर : परवान्याचे आधी सांगतो, कारण तो भाग सरळ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेले मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. तुमचा पिकअप त्यात बसतो. चौदा चाकी ट्रक किंवा मोठा टँकर बसत नाही. त्यासाठी ट्रान्सपोर्ट परवाना काढावा लागेल. वय किमान २० वर्षे आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना, अशा अटी आहेत. मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र आणि वैद्यकीय दाखला जोडून आरटीओत चाचणी द्यावी लागते आणि परवाना पाच वर्षांसाठी मिळतो. प्रमाणपत्र नुसते विकत मिळते अशा ठिकाणी कृपया जाऊ नका. भरलेली गाडी घाटात हाताळायला शिकवणारा माणूस शोधा.

आता मूळ प्रश्न. गाडी कोणती यापेक्षा तुम्हाला पैसे कशाचे मिळणार, याचा विचार आधी करावा, कारण तुम्ही किती झोपणार हे त्यावर ठरते. भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंत समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि जड वाहनांना तिथे ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. म्हणजे एकदाही न थांबता गेलात तरी पावणेनऊ तास लागतात, आणि मोटार परिवहन कामगारांसाठी सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तासांची मर्यादा कायद्याने १९६१ मध्येच घातली होती. त्यातच गोदामात गाडी भरायला आणि खाली करायला जो वेळ जातो, त्याचा फेरीच्या हिशेबात एक पैसाही धरला जात नाही. मग दिवसभर रांगेत ताटकळलेला चालक तो वेळ रात्री भरून काढू पाहतो आणि पहाटे दोन ते पाच या वेळेत, जेव्हा शरीर झोपेची सर्वाधिक मागणी करते, तेव्हा सरळ आणि एकसुरी रस्त्यावर त्याच्या हातात स्टिअरिंग असते. चहा, तंबाखू किंवा खिडकीतून येणारा वारा यांनी ही झोप फार तर काही मिनिटे लांबते. गाडी सुरक्षित जागी लावून झोपणे हाच उपाय आहे, आणि फेरीवर पैसे घेणाऱ्याला नेमका तोच महाग पडतो.

काही मालक फेरीचे डिझेलही ठरवून देतात आणि वाचेल ते चालकाचे असते. अशा वेळी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याचा मोह होतो. तुम्ही कसारा घाट ओळखता, पण तो पिकअपमधून. भरलेला ट्रक न्यूट्रलमध्ये सोडला की इंजिनाचा अटकाव नाहीसा होतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि पायथ्याशी पोहोचेपर्यंत ब्रेक धरेनासे होतात. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर असे किती जीव गेले आहेत, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. घाट चढताना जो गिअर लागतो, उतरतानाही तोच ठेवावा, हा जुन्या चालकांचा नियम डिझेलच्या कोणत्याही बचतीपेक्षा मोलाचा आहे.

म्हणून मी टँकरच सुचवेन, निदान पहिली दोन वर्षे. तो सोपा आहे असे मात्र समजू नका : अर्धवट भरलेल्या टँकरमधले दूध ब्रेक लावताच पुढे धाव घेते आणि वळणावर बाजूला झुकते, त्यामुळे वेग आधीपासूनच कमी ठेवावा लागतो.

तरीही ट्रकच घ्यायचा ठरवलात, तर पहिल्या फेरीपूर्वी मालकाशी स्पष्ट बोला. जेवणाचा भत्ता वेगळा असावा, गाडी खोळंबली तर त्या दिवसाचे पैसे मिळावेत आणि लांबच्या फेरीला दुसरा चालक सोबत असावा. वजनकाट्याची पावती पाहिल्याशिवाय गाडी हलवू नका. जादा मालाचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनामागे २,००० रुपये आहे, आणि गाडी चालवणाराही त्यात सापडतो. गाडीचा विमा चालू आहे का, हेही विचारा. कामावर असताना तुम्हाला इजा झाली, तर भरपाईची कायद्याने मालकावर येणारी जबाबदारी त्या विम्यात धरलेली असते; पॉलिसी संपलेली असेल, तर भरपाईसाठी मालकाच्या ऐपतीवर विसंबावे लागते. पॉलिसीची प्रत मागून घ्या आणि तिची मुदत स्वतः वाचा.