दाव्यापासून दरखास्तीपर्यंत

प्रश्न : एका परिचिताला व्यवसायासाठी मी बँकेमार्फत रक्कम उसनी दिली. करारपत्र केले नाही. ‘पुढच्या वर्षी देतो’ असे त्याचे मोबाइलवरील संदेश मात्र माझ्याजवळ आहेत. दावा लावल्यास पुढे काय काय घडते? आणि माझी बाजू खरी असताना वकील इतके खोदून का विचारतात?

उत्तर : सर्वप्रथम तारीख तपासा. मुदत कायदा, 1963 नुसार उसन्या रकमेच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो, आणि परतफेडीची तारीख ठरलेली नसल्यास ही मुदत आपण मागणी केली त्या दिवसापासून नव्हे, तर रक्कम दिली त्या दिवसापासून मोजली जाते. पैसे आज ना उद्या मिळतील या भरवशावर थांबलेल्या अनेकांचा हक्क केवळ एवढ्याच कारणाने बुडतो, म्हणून हे आधी सांगणे मला आवश्यक वाटते. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सही करून कर्ज लेखी कबूल केले, तर तेथून नवी मुदत सुरू होते.

दाव्याची सुरुवात वादपत्राने, म्हणजे आपली हकीकत आणि मागणी मांडणाऱ्या लेखी अर्जाने होते. कोर्ट फी भरून दावा दाखल झाला की प्रतिवादीला समन्स निघते. पत्ता चुकीचा किंवा जुना असेल तर बेलिफ (समन्स पोहोचवणारा न्यायालयाचा कर्मचारी) समन्स न बजावताच परत येतो आणि काही महिने त्यातच जातात. तेव्हा पत्त्याची खातरजमा स्वतः करा. समन्स बजावूनही प्रतिवादी हजर झाला नाही तर दावा एकतर्फी चालू शकतो. हजर झाल्यास त्याला तीस दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर द्यावे लागते, आणि कारणे नोंदवून न्यायालय ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग येथेच येतो. समजा, कैफियतीत तो लिहितो, ‘रक्कम मिळाली हे खरे, परंतु ती उसनी नव्हती, भागीदारीतील भांडवल म्हणून वादीने दिली होती.’ मग न्यायाधीश वादाचे मुद्दे काढतात आणि पहिला मुद्दा साधारण असा असतो : ‘रक्कम उसनी दिली होती हे वादी सिद्ध करतात काय?’ बँकेचा उतारा पैसे गेल्याचे दाखवतो, ते कशासाठी गेले हे दाखवत नाही. दाव्याचा सारा भार या एका प्रश्नावर येऊन ठेपतो, आणि ‘पुढच्या वर्षी देतो’ या संदेशाचे मोल येथेच कळते, कारण भांडवल गुंतवणाऱ्याला कोणी तसे लिहीत नाही. मात्र तो संदेश आणि त्यामागची हकीकत वादपत्रात आलेली असली पाहिजे. जी गोष्ट वादपत्रात नाही, तिच्यावर पुढे पुरावा देऊ पाहिल्यास समोरचे वकील हरकत घेतात आणि ती बहुधा मान्य होते. वकील खोदून विचारतात ते यासाठीच. संदेशाची छापील प्रत दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. मूळ मोबाइलही जपून ठेवा आणि संदेश पुसू नका.

यानंतर आपला सरतपास, म्हणजे आपली स्वतःची साक्ष, शपथपत्रावर होतो आणि समोरच्या वकिलांकडून उलटतपास प्रत्यक्ष न्यायालयात. त्या वेळी न आठवणाऱ्या गोष्टीला ‘आठवत नाही’ असेच उत्तर द्यावे. अंदाजाने दिलेले एक उत्तर चांगल्या दाव्याला इजा करते. दिवाणी दाव्यात संशयातीत पुरावा लागत नाही, कोणाची बाजू अधिक संभवनीय आहे हे पाहिले जाते. मग युक्तिवाद, निकाल आणि हुकूमनामा, म्हणजे निकालानुसार कोणी कोणाला काय द्यायचे हे सांगणारा न्यायालयाचा आदेश. सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा अधिक तहकुबी (पुढच्या तारखा) देऊ नयेत असे दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते, तरी व्यवहारात त्या मिळतात. म्हणून निकाल कधी लागेल याचे आश्वासन कोणी देत असेल, तर त्यावर विसंबू नका. मध्यंतरी लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील होत नाही. समोरचा माणूस रक्कम नाकारत नसून केवळ सवलत मागत असेल, तर हा मार्ग मला अधिक हिताचा वाटतो.

प्रश्न : वसुलीचा हुकूमनामा माझ्या बाजूने झाला आहे. प्रतिवादी अपील करणार असे समजते. अपिलाचा निकाल लागेपर्यंत मला थांबावे लागेल का?

उत्तर : नाही. केवळ अपील दाखल झाल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. त्यासाठी अपिली न्यायालयाने स्वतंत्र स्थगिती द्यावी लागते, आणि पैशाच्या हुकूमनाम्यात ती देताना न्यायालय सहसा रक्कम भरण्याची किंवा तारण देण्याची अट घालते. निकाल लागला म्हणजे पैसे मिळाले असे मात्र नाही. प्रतिवादीने आपणहून रक्कम दिली नाही तर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी लागते. तिला बारा वर्षांची मुदत असली तरी तोवर मालमत्ता विकली जाण्याचा धोका असतो, म्हणून विलंब करू नये. प्रतिवादीच्या मालमत्तेची माहिती नसेल, तर ती शपथपत्रावर जाहीर करण्याचा आदेश दरखास्तीत मागता येतो आणि त्यावरून बँक खाते किंवा स्थावर मालमत्ता जप्त करण्याचा अर्ज देता येतो. दरम्यान अपिली न्यायालयात कॅव्हेट (आपल्याला ऐकून घेण्याची आगाऊ लेखी विनंती) दाखल करा, म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याशिवाय स्थगितीचा आदेश होणार नाही. कॅव्हेट नव्वद दिवसच टिकते. तेवढ्यात अपील आले नाही, तर ते पुन्हा दाखल करावे लागेल.