आई बोलतच नाही, राग धरलाय का?

"मॅडम, आई माझ्याशी बोलतच नाही हो. तासभर बसते मी तिच्यापाशी, ती आपली हं, बरं करते नाहीतर नुसती हसते. वृद्धाश्रमात ठेवलं ना, राग धरलाय तिने." समुपदेशक म्हणून हे मला इतक्या जणांकडून ऐकायला मिळतं की एक केस सांगूनच टाकते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

लेक पन्नाशीची, आई 82 वर्षांची. मी म्हटलं आधी मला नुसतं बघू द्या आणि एका भेटीला कोपऱ्यात जाऊन बसले. टीव्ही चालू, लेक खिडकीकडे पाठ करून बसलेली म्हणजे आईला तिचा चेहरा काळाच दिसणार, आणि प्रश्न कसे तर "जेवलीस का, गोळी घेतलीस ना, आणि ते पायाचं डॉक्टर काय म्हणाले, बरं जाऊ दे मी सिस्टरना विचारते". एका दमात! मग आवाज चढवला तर आईने तोंड फिरवलं. लेकीच्या डोळ्यात पाणी, "बघितलंत ना?"

बघितलं, पण मला वेगळंच दिसलं. आईने तोंड फिरवलं नव्हतं, उजवा कान पुढे केला होता. डाव्या कानात मशीन होतं, ते काढून मुठीत धरलं, चालू मशीन असं धरलं की सहसा शिट्टी मारतं, हे ढिम्म. सेल संपलेला आणि टोकाला मळ. ते बटणाएवढे सेल टिकतात आठवडा-दोन आठवडे, आणि स्टाफची ड्युटी बदलत राहते, त्यात सेल बदलायचं कोणाचं काम हे कोणालाच माहीत नाही.

वयाने कान जातात तेव्हा आधी वरच्या पट्टीतले बारीक आवाज जातात, स, फ, त असे. आवाज येतो पण शब्द लागत नाही, साठ पाठ काठ सगळं एकच. ओरडलं की आपली पट्टी अजून वर चढते, शब्द फाटतात आणि समोरच्याला वाटतं ही खेकसतेय. दरवेळी "काय?" विचारायची लाज वाटते म्हणून माणूस हसून मान डोलावतो. (नवी असताना मी या हसण्याला 'समाधानी' लिहायचे रिपोर्टमध्ये, काय सांगू.) पण हां, कालपर्यंत नीट बोलणारं माणूस अचानक गप्प झालं किंवा बोबडं बोलायला लागलं तर समुपदेशक नको, ताबडतोब डॉक्टर.

सेल बदलला, डॉक्टरांकडून कान साफ करून घेतला. पुढच्या भेटीला टीव्ही बंद, खुर्च्या समोरासमोर, उजेड लेकीच्या तोंडावर. लेकीला एकच अट घातली, एक प्रश्न विचारायचा आणि मनात दहा मोजायचे.

"आई, कशी आहेस?"

आठ-नऊपर्यंत काहीच नाही. मग आई म्हणाली, "माझं कपाट मला न विचारता आवरलंस तू."

म्हणजे राग होताच, लेकीचं ते काही चुकलं नव्हतं. ती घाईघाईने सफाई द्यायला निघाली, मी खुणेनेच म्हटलं थांबा, मोजा.

"त्यात निळा डबा होता, सुयांचा. टाकलास?"

"नाही गं, घरी आहे."

"मग आण पुढच्या वेळी."