ऑफिसात किती सांगायचं?

“आजाराचं सांगितलं तर नोकरी जाईल का?” कोरोनाच्या साथीत, 2020 च्या पावसाळ्यापासून, समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे सारखा येऊ लागला. त्यातलेच हे एक गृहस्थ. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

राहणार ठाण्यात घोडबंदर रोड, नवी मुंबईत रबाळ्याच्या एका कंपनीत अकाउंट्सला, वय 46. पाच वर्षांपूर्वी आईने त्यांना किडनी दिली. शरीराने ती नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कायमच्या. सकाळी नऊ, रात्री नऊ. ऑफिसात मात्र “बीपीच्या गोळ्या” एवढंच ठाऊक. ऑक्टोबरात फोन आला, सोमवारपासून या.

पहिल्या व्हिडिओ कॉलवर मी चुकलेच. श्वासाचा व्यायाम सांगायला घेतला. ते म्हणाले, “मॅडम, माझी भीती खोटी नाहीये हो.” नव्हतीच. लोकल तेव्हा अत्यावश्यक सेवेतल्यांना. यांच्या वाट्याला गच्च भरलेली बस. मग आम्ही त्यांचा अख्खा दिवस, घरून निघण्यापासून परतेपर्यंत, कागदावर मांडला. बस आणि एसी केबिनमधला धोका त्यांनी आधीच हेरला होता. कॅन्टीन राहिलं होतं. दिवसभर मास्क सांभाळणारी माणसं नेमकी जेवताना तो काढून गप्पा ठोकतात.

डॉक्टरांचं पत्र होतं, पण एका ओळीचं: “कामावर जाण्यास योग्य.” असा कागद एचआरच्या हाती पडला की विषय मिटला. मी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे धाडलं. आजाराचं नाव नको तर नको. पण संसर्गाचा धोका जास्त, गर्दी टाळावी, जमेल ते काम घरून, जेवण वेगळं, हे लिहून आणा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जून 2020 मध्ये कार्यालयांसाठी सूचना काढल्या होत्या. अशा कर्मचाऱ्यांना शक्यतो लोकांशी थेट संपर्काचं काम देऊ नये, जमेल तिथे घरून काम द्यावं, असं त्यात होतं. तीही प्रत जोडली.

आठवड्यातून दोन दिवस, अकरा ते चार, असं ठरलं. नोकरी टिकली. सगळ्यांची टिकते असं मी सांगणार नाही.

पण शेजारच्या टेबलावरून “आले जावईबापू!” सुरू झालं, आणि ते त्यांना फार लागलं. दोन सत्रं त्यातच गेली. मी विचारलं, “सगळ्यांना नको, एकाला सांगाल?” आठवडाभर विचार करून त्यांनी नेमकं त्या टोमणेवाल्यालाच सांगितलं, पार्किंगमध्ये, सहा फुटांवर उभं राहून.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आई कशा आहेत आता?”