वाचकांचे प्रश्न : प्रोमो हाती लागला, ठेवावा का?

प्रश्न : एका हेवी मेटल अल्बमची प्रोमो सीडी विकायला आहे. पुठ्ठ्याचं साधं पाकीट, त्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असं छापलेलं, आत पुस्तिका नाही. विकणारा दुकानातल्या सीडीच्या तिप्पट पैसे मागतो. घ्यावी का?

उत्तर : एवढ्या वर्णनावर तिप्पट देऊ नका. अल्बम बाजारात येण्याआधी रेडिओ केंद्रांना आणि समीक्षकांना फुकट धाडलेली प्रत म्हणजे प्रोमो. नावाजलेल्या बँडचे प्रोमो ढिगाने निघत, त्यामुळे प्रोमो म्हटला की दुर्मीळच, असं नाही. पैसे मोजायचे ते फरकाचे. दुकानातल्या प्रतीपेक्षा वेगळं मिक्सिंग, गाण्यांचा वेगळा क्रम, पुढे बदललेलं शीर्षक, मुलाखत किंवा फक्त रेडिओसाठी केलेली छोटी आवृत्ती असेल, तर वस्तू संग्रहाची. केवळ प्रचारासाठी काढलेल्या सीडीला बहुधा स्वतंत्र क्रमांक असतो. अमेरिकी कंपन्यांच्या अशा क्रमांकांची सुरुवात ‘पीआरसीडी’, ‘सीएसके’, ‘डीपीआरओ’ अशा अक्षरांनी होते.

फरक उलट दिशेनेही असतो. २००० नंतरच्या दशकात अल्बम आधीच इंटरनेटवर फुटू नये म्हणून गाण्यात मध्येच बँडचं नाव सांगणारा आवाज घालत, किंवा गाणं अर्ध्यावर विरवून टाकत. मेटलच्या कंपन्यांनी तर आणखी एक खोडी केली : आठ-दहा गाण्यांचे तुकडे करून ९९ ट्रॅक! सीडीत त्याहून जास्त बसत नाहीत, म्हणून तो आकडा. शफलवर, म्हणजे उलटसुलट क्रमाने, लावली की चिवडा, संगणकावर उतरवली की ९९ फायली. असली प्रत त्या बँडचं सगळंच जमवणाऱ्याने घ्यावी, ऐकणाऱ्याने नव्हे.

विकणाऱ्याकडून सीडीच्या खालच्या बाजूचा स्पष्ट फोटो, मधल्या कड्यावरचा मजकूर आणि प्रत्येक ट्रॅकची लांबी मागा. खालची बाजू चंदेरी असेल तर सीडी कारखान्यात छापलेली. हिरवट किंवा निळसर दिसली तर ती बर्न केलेली सीडी-आर, आणि तिची नक्कल कोणीही घरी करू शकतो. कड्यावर ‘आयएफपीआय’ (IFPI, ध्वनिमुद्रण कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) अशी बारीक अक्षरं असतील, तर छपाई १९९४ किंवा त्यानंतरची. ‘१९८९चा मूळ प्रोमो’ म्हणून मिळणाऱ्या सीडीवर ती दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा.

भाव पाहायचा तो डिस्कॉग्स या रेकॉर्ड-सीडींच्या नोंदी आणि खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर, नेमक्या त्याच क्रमांकाच्या नोंदीखाली, आणि विक्री झालेल्या किमतींचा. मागितलेली किंमत कोणीही कितीही लिहितो. सोबत कंपनीचं प्रसिद्धिपत्रक आणि बँडचा फोटो असेल तर थोडं जास्त द्यायला हरकत नाही. हे कागद सीडीच्या आधी कचऱ्यात जातात.

प्रश्न : एलपीच्या कव्हरवर सोनेरी प्रोमो शिक्का आहे आणि कोपरा कापलेला आहे. किंमत वाढते का?

उत्तर : शिक्का बहुधा नेहमीच्याच कव्हरवर मारलेला असतो आणि आतली रेकॉर्डही नेहमीचीच असते. काहींना तो आवडतो, काहींच्या लेखी तो डाग. कापलेला कोपरा, करवतीची खाच किंवा भोक हे बहुतेक वेळा न खपलेला माल स्वस्तात काढल्याची खूण. त्याने किंमत उतरते. खरी मागणी पांढऱ्या लेबलच्या, म्हणजे रेकॉर्डच्या मधला गोल कागद पांढरा असलेल्या, प्रोमोला. तो बहुधा सुरुवातीच्या छपाईतला असतो. तरी लेबलवर विसंबू नका. लेबलजवळच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (छपाईच्या साच्याची ओळख) पहिल्या आवृत्तीशी ताडून पाहा. जपानी प्रत असेल तर लेबलवर ‘मिहोनबान’, म्हणजे नमुना प्रत, असं जपानी लिपीत छापलेलं असतं.

प्रश्न : ‘विक्रीसाठी नाही’ लिहिलेली प्रत विकत घेणं बेकायदा आहे का?

उत्तर : अमेरिकेत नाही. न मागता टपालाने धाडलेली प्रोमो सीडी ज्याला मिळाली त्याची, तो ती विकू शकतो, असा निकाल तिथल्या अपील न्यायालयाने युनिव्हर्सल या संगीत कंपनीच्या दाव्यात २०११ साली दिला. इतर देशांत तिथला कायदा पाहावा. प्रत करून वाटणं मात्र वेगळं. अनेक प्रोमोंच्या आवाजात न ऐकू येणारी खूण दडवलेली असते आणि तिच्यावरून मूळ प्रत कोणाला धाडली होती ते कळतं.

प्रश्न : सीडी-आर प्रोमो टिकवायचा कसा?

उत्तर : तिच्यातला रंगद्रव्याचा थर उजेडाने आणि उष्णतेने बिघडतो. घेतल्या दिवशीच चुका तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने, न दाबलेल्या (अनकम्प्रेस्ड) फायलींच्या स्वरूपात संगणकावर उतरवून घ्या. वर चिकटवायचं लेबल लावू नका, आधीचं असेल तर ओढून काढू नका. परावर्तक थर त्यासोबत उचकटतो. पीव्हीसीच्या मऊ पिशवीऐवजी कडक डबीत, अंधाऱ्या कोरड्या कपाटात उभी ठेवा.