पहिल्या बॅचआधी पाण्याचं बघ

अरे, लंडनमध्ये नळाच्याच पाण्याने बिअर लावतोयस ना, मग बाकी सगळं नंतर, आधी क्लोरीन काढ. नुसतं क्लोरीन उकळून उडतं, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते सहज जात नाही, त्याला कॅम्पडेनची गोळी, म्हणजे सल्फाइटची गोळी लागते, वीस-पंचवीस लिटरला अर्धी गोळी चमच्याने चुरून ढवळायची, काही मिनिटांत काम होतं. माझ्या दुसऱ्या बॅचला मी हे केलं नव्हतं, महिनाभर वाट बघून बाटली उघडली तर दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास, अख्खी सिंकमध्ये ओतली, फार जीवावर आलं.

एक्स्ट्रॅक्टचं, म्हणजे माल्टच्या तयार पाकाचं किट असेल तर एवढंच पुरे. धान्यापासून करणार असशील तर मात्र पाण्याचा रिपोर्ट काढून अल्कलिनिटी, म्हणजे आम्लाला दाबायची पाण्याची ताकद, बघ. तिथलं पाणी जड, किटलीच्या तळाला पांढरा थर धरतो ना तोच चुना, मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) पीएच 5.2 ते 5.6 हवा, तो हे पाणी वर ढकलतं. भाजलेलं काळं माल्ट आम्लधर्मी, ते खाली ओढतं, म्हणून तिथल्या पाण्यावर पोर्टर, ती गडद बिअर, छान जमते. तीच कर पहिली. पिल्सनर या फिकट बिअरला आत्ता हात लावू नकोस, ती ज्या चेक शहरातली त्या पिल्झेनचं पाणी अगदी मऊ, म्हणजे फार कमी क्षारांचं, त्यासाठी तुला आरओचं पाणी मिसळावं लागेल.